हंगामी कंबर

सरकारी लखोटा उचलायला मी वाकलो आणि तसाच राहिलो.

ही हकीकत ऐकणारा प्रत्येक जण पहिल्यांदा हेच विचारतो, की लखोटा जड होता का? नव्हता हो! त्यात एकच कागद होता. पोपट शिपायाने तो माझ्या दिशेने भिरकावला, तो डेस्काखाली गेला, मी बसल्या जागेवरून वळून हात लांबवला, आणि कमरेला कोणीतरी कुलूप घालून किल्ली घेऊन गेलं. तरी कागद हातात आलाच होता, म्हणून जमिनीपासून वीतभर उंचीवरच मी तो वाचून काढला. कल्याणच्या कचेरीतील हंगामी कारकून परशुराम त्र्यंबक टिपणीस यांस कायम करण्याचा विचार असून, त्यांनी येत्या सोमवारी अकरा वाजता ठाण्यास सिव्हिल सर्जनसाहेबांपुढे उभे राहून आपण अंगाने धडधाकट असल्याचा दाखला आणावा, न आणल्यास ती जागा खालच्या माणसास देण्यात येईल, असा मजकूर होता.

मी आनंदाने ओरडलो. लोकांना वाटलं, दुखलं म्हणून ओरडलो. दोन्ही खरं होतं.

नऊ वर्षं मी हंगामी होतो. हंगामी म्हणजे काय ते कायम माणसाला कळायचं नाही. हंगामी माणसाला कचेरीत टेकायला लोड मिळत नाही. लोड कायम कारकुनांचे. सासुरवाडीला जावं, तर सासरे पाहुण्यांना सांगतात, "जावई सध्या कल्याणला असतात," आणि त्या 'सध्या'वर असा जोर देतात की पुढ्यातला लाडू कडू लागावा. माझं लग्न सोडलं तर बाकी सगळं, म्हणजे दोन मुली, तीन बिऱ्हाडं आणि डोक्यावरचे पांढरे केस, हंगामीपणातच झालं. आणि आता कायम व्हायला पाच दिवस उरले असताना माझं डोकं माझ्याच गुडघ्यांशी बोलत होतं!

कागदात लिहिलेला 'खालचा माणूस' म्हणजे महिपतराव. ते माझ्या शेजारी बसत आणि माझ्यापेक्षा एकाच वर्षाने कमी हंगामी होते. त्यांनी मला काखेत हात घालून उभं केलं, म्हणजे जेवढं होण्यासारखं होतं तेवढं केलं, आणि म्हणाले, "परशुरामराव, अजिबात काळजी करू नका. मी आहे ना!" ते होते, हीच तर काळजी होती.

तारीख पुढे ढकलून घ्यावी म्हणून मी हेडकारकुनांकडे गेलो. ते नियमाला पक्के. म्हणाले, "आजारपणामुळे तारीख बदलून हवी, तर आजारी असल्याचा दाखला लागेल. तो सिव्हिल सर्जनसाहेबांचाच चालतो."

"म्हणजे मी ठाण्याला जाऊन आधी आजारी असल्याचा दाखला घ्यायचा, आणि मग धडधाकट असल्याचा?"

"घेता येतो," ते म्हणाले. "फक्त पहिला घेतला की दुसरा देत नाहीत."

मला भाताच्या पोत्यांच्या हातगाडीवर घालून घरी नेलं. पारनाक्यावर चार माणसं पुढे आली आणि प्रत्येकाने हळू आवाजात पोपटला विचारलं, "केव्हा झालं?" मी मान वर करून "मी जिवंत आहे!" असं सांगणार होतो, पण मान वर होत नव्हती. महिपतराव गाडीपुढे चालत लोकांना बाजूला करत होते. एवढा मान मला त्या कचेरीने कधी दिला नव्हता.

दारात आमच्या कुटुंबाने, म्हणजे सगुणाने, मला गाडीवरून उतरताना पाहिलं. माझं तोंड अंगणाकडे होतं. ती म्हणाली, "अहो, काय शोधताय?"

"काही शोधत नाही. कमरेत उसण भरलीय," मी म्हटलं.

हे ऐकताच तिचा चेहरा उतरला. ती तशीच स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. बायकोच्या जिवाला आपली इतकी काळजी आहे, हे पाहून त्या अवस्थेतही मला बरं वाटलं.

आता मी पडलो कारकून. कुठल्याही संकटात कारकून आधी वही उघडतो. माझं म्हणणं असं, की रोगाचं कारण नक्की कळलं की उपाय आपोआप सापडतो. पालथा पडून मी एका वहीत तीन रकाने आखले: कारण, उपाय आणि सांगणाऱ्याचं नाव. आमच्या आळीला हे कळायचा अवकाश, संध्याकाळपर्यंत सतरा कारणं जमा झाली! वात. थंडी. हरभऱ्याची डाळ. दक्षिणेकडे पाय करून झोपणं. मार्गशीर्षात गार पाण्याने अंघोळ करणं. एकाने लिहायला लावलं, "पूर्वजन्मीचं." उपायाच्या रकान्यात त्याने काहीच सांगितलं नाही. मात्र कागद उचलायला वाकलो, हे खरं कारण कोणालाच पटेना. मोठ्या दुखण्याला मोठं कारण हवं, असं आळीचं मत होतं. शेवटी गंगुबाईंनी, म्हणजे आमच्या शेजारच्या वडीलधाऱ्या बाईंनी, परस्पर सांगून टाकलं की मी उखळ उचलत होतो. तेव्हा कुठे लोकांचं समाधान झालं.

उपायांची सुरुवातही गंगुबाईंनीच केली. "अरे परशुराम, वात आहे हा. मला वाताची सत्तर वर्षांची ओळख आहे," असं म्हणून त्यांनी निर्गुडीचा पाला तापवून बांधला, त्यावर तापलेली वीट ठेवली, आणि बुधवारी रात्री फरक पडला नाही म्हणून गुरुवारी सकाळी बिब्बा काढला. बिब्बा तापवून सुईने सात ठिपके दिले. दुपारपर्यंत सातही उतून त्यांचे फोड झाले! मी ओरडलो तर म्हणाल्या, "बघ, आत किती वात साठलेला होता तो."

मग बाजारपेठेतले दौलतराव डॉक्टर आले. ते मुंबईला शिकलेले, इंग्रजी पद्धतीचे. त्यांनी ठिपके पाहून आमच्या अडाणीपणावर एक छोटं भाषण केलं आणि पाठीवर मोहरीचा लेप फडक्यावर पसरून चिकटवला. "पाव तास ठेवायचा. कोणी हात लावू नका, मीच येऊन काढतो," असं बजावून ते शेजारच्या आळीत एका बाळंतिणीला बघायला गेले. तिला जुळं झालं. डॉक्टर दोन तासांनी आले. शास्त्रीय शिस्त म्हणून मी फडक्याला हात लावू दिला नव्हता. फडकं निघालं तेव्हा पाठीवर लालभडक चौकोन उठला होता, चारी बाजू अगदी सारख्या. डॉक्टर त्याकडे पाहत म्हणाले, "परिणाम उत्तम झाला आहे." कंबर होती तिथेच होती.

महिपतराव रोज संध्याकाळी समाचाराला येत. माझ्या पाठीकडे ते अशा प्रेमाने पाहत, जसं शेजाऱ्याच्या झाडावरच्या पिकत आलेल्या आंब्याकडे पाहावं. जाताना म्हणत, "सोमवारी आपण बरोबरच जाऊ. ओळख पटवायला कचेरीतला माणूस लागतो, साहेबांनी माझंच नाव घातलंय. आणि मी तिथे असेनच, तर माझंही तपासून घेतील म्हणा, वेळ पडली तर."

शुक्रवारी सकाळी गंगुबाईंनी एकदम कपाळावर हात मारून घेतला. "मेलं, माझी अक्कल गहाण पडली! उसण म्हटल्यावर पायाळू नको का?"

आळीत उत्साहाची लाटच आली. वाचकांत एखादा विलायतेत वाढलेला असेल, तर त्याच्यासाठी सांगतो: जो माणूस जन्मताना डोक्याऐवजी आधी पाय बाहेर काढतो, तो पायाळू. त्याने भरलेल्या कमरेवर लाथ मारली, की उसण निघते. हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. दौलतराव डॉक्टरांनाही ठाऊक होतं, फक्त ते इंग्रजीत ठाऊक नसल्यासारखं करत होते.

तासाभरात पायाळू मिळालासुद्धा. ठाकुर्लीचा काळुराम नावाचा गाडीवान रेतीबंदरावर भात उतरवायला आला होता. मला हातगाडीवर घालून तिथे नेलं. घरी बोलावता आलं असतं, पण काळुरामचे बैल गाडीला जुंपलेले होते आणि बैल सोडायला तो तयार नव्हता. बंदरावरचे हमाल, होडीवाले, कोळणी, सगळे गोळा झाले. मी मॅट्रिकला दोनदा बसलेला माणूस! वखारीच्या ओट्यावर पालथा पडलो होतो, आणि काळुराम मागे दहा पावलं जाऊन धोतर वर खोचत होता.

"रावसाब, सबूर धरा हां," असं म्हणून तो धावत आला.

ती लाथ मी वर्णन करणार नाही. एवढंच सांगतो, की ओट्यावरून मी भाताच्या पोत्यात गेलो आणि तोपर्यंत फक्त डावीकडे धरलेली कंबर उजवीकडेही धरली. हमालांनी टाळ्या वाजवल्या. मी पोत्यातून विचारलं, "अरे, तू नक्की पायाळू ना?"

"मी नाय, रावसाब. मोठा भाऊस पायाळू," काळुराम म्हणाला. "त्यो गेला मुंबईस गिरनीत. त्याच्या मागं मीच मारतो. येकाच घरचं पाय न्हवं?"

म्हणजे तोही माझ्यासारखा हंगामीच निघाला! मला त्याच्यावर धड रागावताही येईना.

घरी आल्यावर गंगुबाई म्हणाल्या, "चूक आपलीच. पायाळू कोण हे लाथ मारणाऱ्याला विचारायचं नसतं, सुईणीला विचारायचं." कल्याणपासून खडवलीपर्यंत चाळीस वर्षं बाळंतपणं केलेली बायजा सुईण अजून हिंडती-फिरती होती. तिला निरोप धाडला. यावर आमच्या कुटुंबाने प्रथमच तोंड उघडलं.

"तिला कशाला उगीच?" ती म्हणाली. "म्हातारी झालीय. तिला काही आठवत नाही."

"तुला काय ठाऊक?" मी विचारलं.

"असंच आपलं. म्हाताऱ्या माणसांना आठवत नाही." आणि परत स्वयंपाकघरात.

बायजा शनिवारी दुपारी आली. तिला सगळं आठवत होतं! ओटीवर बसून तिने तंबाखू चोळत चाळीस वर्षांतले पायाळू बोटांवर मोजले. एक देवाघरी गेला होता. एक आफ्रिकेला गेला होता. एक मोहने गावी होता, पण तोच सध्या उसण भरून पडला होता आणि स्वतःच्या कमरेपर्यंत स्वतःचा पाय कसा न्यावा या विवंचनेत होता. मी वहीत लिहून घेत होतो आणि प्रत्येक नावाला काट मारत होतो.

"आनी एक पोर व्हती खडवलीला," बायजा म्हणाली. "आदल्या राती मला न्यायला बैलगाडी आयली, तवा पाहाट उजाडता पयले पाय बाहेर आयले, मंग डोकं. देशपांड्यांची पोर."

माझा बोरू थांबला. खडवलीचे देशपांडे म्हणजे माझे सासरे.

आत भांडं पडलं. बायजाने मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगो सगुना! तुला हयं दिली व्हय? मंग या मानसाला गावभर कशापायी फिरवताव? घरानच तं हाय तुमचा पायाळू!"

गंगुबाईंच्या तोंडाला पदर गेला. मी त्यांच्याकडून आणि बायजाकडून तिथल्या तिथे तुळशीवर हात ठेवून वचन घेतलं की ही गोष्ट या ओटीबाहेर जाणार नाही. गंगुबाईंनी ते पाळलं, हे मला आजही खरं वाटत नाही. तीन दिवस त्यांनी पोट दुखतंय म्हणून अंथरूण धरलं होतं, पण पाळलं.

मग मी आत गेलो. सगुणा चुलीकडे तोंड करून रडत होती. मला राग आला होता, चांगलाच आला होता. म्हटलं, "चार दिवस मी विव्हळतोय, आणि तू मला तेल चोळतेस ते हातांनी!"

"मग काय पायांनी चोळू?" ती उसळून म्हणाली. "नवऱ्याला पाय लावू? झोपेत चुकून लागला तरी मी उठून नमस्कार करते. तुम्हाला ठाऊक नाही, तुम्ही घोरत असता. आईने लग्नाआधी एकवीरेची शपथ घातली होती, की कोणाला सांगू नकोस. पायाळू मुलीवर वीज पडते म्हणतात. असली मुलगी कोण करून घेईल? आणि आता आपल्या मुली आहेत. त्यांना लोक म्हणतील, पायाळूच्या पोटच्या. चार दिवस मी तुमच्याकडे बघते आणि माझ्या पायांना शिव्या देते. असले पाय द्यायचे होते तर देवाने दुसऱ्या कोणाचा नवरा आजारी पाडायचा!"

माझा राग कुठच्या कुठे गेला. बारा वर्षं ही बाई आकाशात ढग आले की कडीकोयंडा लावून बसते, आणि मी तिला भित्री म्हणून चिडवत आलो होतो. मला फार वाईट वाटलं. पण त्याचबरोबर, खोटं कशाला सांगू, अंगात उत्साह नुसता उसळत होता. सोमवार परवावर आला होता आणि औषध चुलीपाशी उभं होतं!

"मी सांगतो ना, मार," मी म्हटलं.

"तुम्ही सांगून काय होतं? पाप मला लागेल."

तेव्हा प्रकरण पंढरीनाथशास्त्र्यांकडे गेलं. रविवारी सकाळी मी काठी टेकत त्यांच्याकडे पोचलो आणि नाव न घेता विचारलं, की 'एका' गृहस्थाची 'एक' पत्नी पायाळू असेल तर तिने काय करावं? शास्त्रीबुवांनी माझ्याकडे, माझ्या काटकोनाकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्या गृहस्थाला म्हणावं, बस. हो, बसता येत नसेल. राहू दे."

पोथ्या निघाल्या. जाणूनबुजून पतीला पाय लावणं हा दोष, यात शंकाच नव्हती. प्रायश्चित्त होतं, पण त्याला एकवीस दिवस लागत आणि ते आधी करावं की नंतर, यावर दोन मतं होती. मी घड्याळाकडे बघत होतो. शेवटी शास्त्रीबुवांनी पोथी मिटली आणि त्यांच्या चेहऱ्यावर एखाद्या निष्णात वकिलाला शोभेल असं हसू आलं.

"परशुरामपंत, अजाणता लागला तर दोष नाही. आता असं बघा. बाई डोक्यावर भरलेला हंडा घेऊन येते, तेव्हा तिला आपले पाय दिसतात का?"

"नाही!"

"उंबऱ्यात काय पडलंय ते दिसतं का?"

"नाही!" मी ओरडलो.

"मग त्या गृहस्थाने उंबऱ्यात पडावं. का पडला, हे धर्मशास्त्र विचारत नाही."

मला त्यांचे पाय धरायचे होते. त्यासाठी वाकावं लागलं नाही, एवढीच त्या कमरेने केलेली सोय.

दुपारी आम्ही तयारीला लागलो. मागीलदारच्या उंबऱ्यात मी पालथा पडलो. ठरलं असं, की सगुणाने विहिरीवरून नेहमीसारखं पाणी आणायचं आणि मी तिथे असल्याचं मनातसुद्धा आणायचं नाही. ती हंडा घेऊन आली. दारापर्यंत आली. थांबली.

"अहो, माझ्याच्याने नाही होणार."

"तू कोणाशी बोलतेस?" मी जमिनीकडे तोंड करून म्हटलं. "इथे कोणी नाही!"

"बरं," असं म्हणून ती परत गेली, आली, आणि शेवटच्या क्षणी पाय उंच उचलून मला साफ ओलांडून गेली! नवऱ्याला ओलांडणं हा वेगळाच दोष, त्याचं आम्ही शास्त्रीबुवांना विचारलंच नव्हतं. ती पुन्हा रडायला लागली. मी म्हटलं, "सगुणा, हे बघ. उद्या अकरा वाजता मी वाकडा उभा राहिलो, तर महिपतराव लोडाला टेकतील आणि मी मरेपर्यंत 'सध्या' कल्याणला असेन. तुझे वडील पाहुण्यांना काय सांगतात ते आठव. आणि चाल!"

वडिलांचं नाव काढलं ते बरं झालं. या वेळी पावलं निराळीच वाजली. तिची टाच माझ्या कमरेवर, बरोब्बर त्या जागी, इतकी नेमकी बसली की मी "वा!" म्हणालो. पण टाच बसताच ती दचकली, दचकताच हंडा सुटला, हंडा काठाकडून माझ्या पाठीवर आला, त्यामागून दोन घागरींचं पाणी आलं, आणि पाण्यामागून स्वतः सगुणा आली. कमरेत 'कट्' असा आवाज झाला. कुलूप उघडल्याचा!

मी उठलो. सरळ उठलो! पाच दिवसांनी मला छताचे वासे दिसले, कोनाडा दिसला, बायकोचं तोंड दिसलं. मी निथळत नाचत होतो आणि ती खाली वाकून माझ्या पायांना नमस्कार करत म्हणत होती, "चुकून लागला हो, चुकून लागला." अशी नमस्कार करताना हसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

सोमवारी ठाण्याला ती माझ्याबरोबर निघाली. "वाटेत परत भरली तर?" म्हणाली. महिपतरावांनी मला फलाटावर ताठ उभा पाहिलं आणि त्यांच्या हातातली पानसुपारी खाली पडली. ती मीच उचलून दिली, वाकून.

सर्जनसाहेब उंच, लाल आणि घाईतले होते. मराठी बोलत, पण पुस्तकातून वाचल्यासारखी. "आपण वाकावे." मी वाकलो. "आपण उठावे." मी उठलो. "आपण ती पेटी उचलावी." मी उचलली. साहेबांनी दौतीत टाक बुडवला. महिपतराव भिंतीकडे पाहत होते. कायमपणा माझ्यापासून एका सहीवर होता!

"आपण सदरा काढावा."

मी काढला आणि मागे वळलो. माझ्या पाठीवर साऱ्या कल्याणने आपापली मतं नोंदवून ठेवली होती: सात काळे ठिपके, एक लाल चौकोन, एक मोठी टाच काळुरामची, दुसरी टाच लहान, आणि या सगळ्यावर हंड्याच्या काठाचा निळा गोल.

साहेबांनी टाक खाली ठेवला. "आपणांस कोणी मारिले?"

"कोणी नाही, साहेब. पडलो."

"चौकोनी पडलात?" त्यांचा चेहरा आणखी लाल झाला. "हा छळ आहे. नाव सांगावे. त्यास मी सोडणार नाही. नाव कळेपर्यंत दाखला मिळणार नाही."

महिपतराव पुढे सरकले. "घरगुती बाब दिसते, साहेब," ते हळहळून म्हणाले. "आमचं काही म्हणणं नाही. प्रकृती कच्ची असेल तर मी तयार आहे."

सगुणाचं नाव सांगणं शक्यच नव्हतं. तिची शपथ होती, मुली होत्या, आणि महिपतरावांना कळलं म्हणजे कल्याणला कळलं. नऊ वर्षं एका बाजूला आणि बायकोचं गुपित दुसऱ्या बाजूला, अशी वेळ आली होती. मी म्हटलं, "साहेब, उखळ उचलताना पडलो. आणखी काही सांगायचं नाही. दाखला नसेल मिळत तर नको." साहेबांनी कागद मिटला.

"मी मारली लाथ."

व्हरांड्याच्या दारात सगुणा उभी होती. पदर कपाळापर्यंत, पण आवाज मात्र अंगणातून मुलींना हाक मारतानाचा. "मी पायाळू आहे, साहेब. पायांकडून जन्मले. ह्यांना उसण भरली होती, ती मी काढली. ठिपके गंगुबाईंचे, चौकोन डॉक्टरांचा, मोठी टाच गाडीवानाची. छोटी टाच आणि हंडा माझा. माझ्यावर काय करायचं ते करा, पण ह्यांना दाखला द्या. हे खोटं बोलत नाहीत, मला लपवतायत."

महिपतरावांचं तोंड उघडंच राहिलं. साहेबांनी तिला पुन्हा सगळं सांगायला लावलं, मग तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्या वेळी त्यांचे खांदे हलू लागले. चष्मा पुसून ते म्हणाले, "बाई, यात पायांचा संबंध नाही. हे नऊ वर्षे जमिनीवर वाकडे बसतात. स्नायू आखडतो. दर तासास उठून चालावे, म्हणजे होणार नाही. झालेच तर काहीही न करिता पाचव्या दिवशी आपोआप सुटते."

"पाचव्याच दिवशी मारली मी," सगुणा म्हणाली.

साहेबांनी टाक उचलला आणि सही केली. उपचाराच्या जागी काय लिहिलं ते घाईच्या इंग्रजी अक्षरात होतं, मला त्यातला 'वाइफ' एवढाच शब्द लागला. मी दाखला छातीशी धरला आणि डोळे भरून आले. कायम!

बाहेर आल्यावर महिपतरावांनी मला खांबाआड ओढलं. मला वाटलं, आता टोमणा. ते इकडेतिकडे पाहून कुजबुजले, "परशुरामराव, कोणाला सांगू नका. माझीही कंबर तीन वर्षं भरलेलीच आहे. म्हणूनच तर मी लोडासाठी एवढा... वहिनींना एखाद्या रविवारी वेळ होईल का?"

मी म्हटलं, "विचारून सांगतो. शास्त्राची अडचण तुमच्या बाबतीत काहीच नाही. मनसोक्त मारता येईल."

स्टेशनच्या रस्त्याला लागलो. मी ताठ, हातात दाखला, आणि रिवाजाप्रमाणे सगुणा चार पावलं मागे. थोडं चाललो आणि थांबलो. ती जवळ आली तरी मी पुढे होईना.

"काय झालं? परत भरली?" तिने घाबरून विचारलं.

"नाही. तू पुढे चाल."

"भररस्त्यात? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुझ्यासारख्या बाईला पाठीमागे ठेवून चालण्याइतका मी आता खुळा राहिलेलो नाही."

ती हसली, पदर सावरला आणि पुढे झाली, आणि मी स्टेशनापर्यंत तिच्या मागून ताठ मानेने चालत गेलो.